टिकमार्क केल्यानं फार्मासिस्ट तयार होत नाही

क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डात पेशंटची औषधं तपासून डॉक्टरांना सल्ला देणारा, त्याच्यावरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की त्याची क्षमता ठरलेल्या निकषांच्या यादीवर वर्षातून एकदा तपासली की पुरे, हे काही पटलं नाही. निकष हवेतच, पण ते वॉर्डात बेडजवळ उभं राहून बघायला पाहिजेत, ऑफिसात बसून नाही. मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलमध्ये हेच काम करते. मागं गडहिंग्लजकडच्या एक आज्जी ॲडमिट झाल्या, वॉरफेरिन हे रक्त पातळ करायचं औषध चालू आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तो जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) पाचच्या वर गेलेला, केस पेपरवर दुसरं कुठलंच औषध नाही. मी म्हटलं आज्जी पिशवी दावा बघू, तर त्यातनं निघाल्या कात्रीनं कापलेल्या सुट्या गोळ्या, नाव कापून गेलेलं, नुसता एक्सपायरीचा तुकडा राहिलेला. "पोट बिघडलंतं, तवा गावातल्या दुकानातनं आणल्या" म्हणाल्या. मुलाला दुकानात फोन करायला लावला तेव्हा कळलं मेट्रोनिडॅझोल, म्हणजे जंतुसंसर्गावरचं औषध, जे वॉरफेरिनचा असर चांगलाच वाढवतं.

आता निकषांच्या यादीतल्या 'औषधांचा इतिहास घेता येतो' या रकान्यात माझ्याआधी ज्यानं माहिती घेतली त्याचाही टिकमार्क होताच की! भारतात फार्म.डी. हा क्लिनिकल फार्मसीचा कोर्स 2008 ला सुरू झाला, फार्मासिस्टच्या कामाचे नियम म्हणजे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 ला आली, कागद भरपूर झालेत, पण डॉक्टर वॉर्डात राउंडला जाताना फार्मासिस्टला सोबत घेतच नसतील आणि त्यानं दिलेला सल्ला केस पेपरवर लिहायलाच जागा नसेल तर तपासणार काय आणि कुणाला, हे लेखात यायला पाहिजे होतं.