खाली जाण्याची सोय

नोव्हेंबर 2024. बाकावर बसून पाय गोठलेले. इंग्लंडातल्या स्विंडनच्या काउंटी ग्राउंड या फुटबॉल मैदानावर माझ्या शेजारी नेहमी बसणारे म्हातारबाबा थर्मासच्या झाकणात चहा ओतत म्हणाले, "खाली गेलो तर गेलो. ऑगस्टात मी इथेच असणार." स्विंडन टाउन तेव्हा लीग टूच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या, तळाशी घुटमळत होता. चोवीस संघांतले शेवटचे दोन खाली जातात, आणि इथून खाली जाणे म्हणजे क्लब 1920 पासून ज्या फुटबॉल लीगमध्ये आहे तिच्यातूनच बाहेर. एके काळी, 1993-94 मध्ये, हाच क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. एकच हंगाम टिकला आणि 42 सामन्यांत 100 गोल खाल्ले. त्या शंभराची आठवण लोक इथे घरातल्या लग्नासारखी काढतात.

त्याच दिवसांत नवे प्रशिक्षक इयन हॉलोवे म्हणाले, सरावाचे मैदान झपाटलेले आहे, बायको येऊन धूप घालणार आहे. इंग्रजी पेपरवाले हसले. स्विंडनला आम्ही गोंयकार ढिगाने आहोत, आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. देवचाराला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, न विचारता मैदान घेतले तर दुसरे काय होणार? आमच्याकडे आधीच रोट, विडी, सोरो (दारू) ठेवून गाऱ्हाणे घातले असते. असो, क्लब वाचला.

घरच्या ग्रुपवर मात्र वेगळाच वाद. भारताच्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये, आयएसएलमध्ये, रेलिगेशन, म्हणजे तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये पाठवणे, हवे की नको? 2019 च्या आराखड्यात ते 2024-25 पासून ठरले होते. पंजाब आणि मोहमेडन हे संघ खालची आय-लीग जिंकून वर आले. पण त्या हंगामात मोहमेडन शेवटचा आला तरी कोणी खाली गेले नाही. माझा डिचोलीचा मामेभाऊ म्हणतो, बरेच झाले, एफसी गोवा उद्या घसरला तर पैसे घालणारा दुसऱ्या दिवशी पळेल. मी म्हणतो, तळाच्या दोन संघांची मार्चमधली मॅच कोण कशाला बघेल मग? यावर त्याचे ठरलेले उत्तर: "थंय बसून सांगपाक सोपें."

सोपे आहे, हे खरेच. पण आम्ही दोघेही धेंपो या गोव्याच्या जुन्या क्लबवाले. डिचोलीच्या खाणीवर धेंपोंचे नाव होते, त्यामुळे क्लब निवडायचा प्रश्नच आला नाही. राष्ट्रीय विजेतेपदे पाच. 2011-12 मध्ये रांती मार्टिन्सने एकट्याने 32 गोल केले होते. तोच धेंपो 2015 मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या वरच्या लीगमधून, खाली गेला. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. पण पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून संघ परत वर आला, म्हणजे रेलिगेशनने त्याला मारले नव्हते. मग 2016 मध्ये आयएसएलला वरची लीग करून आय-लीग खाली ढकलायचे महासंघाने मांडले, आणि धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मैदानावर कमावलेली जागा अशी कागदावर गेली. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट 2024-25 ला.

म्हणून माझे भावाशी भांडण थोडे सरकले आहे. तो घसरायला भितो, मला भीती आहे ती खाली काहीच नसण्याची. प्रीमियर लीगमधून पडणाऱ्याला इथे तीन वर्षांपर्यंत पैसे मिळतात. पाचव्या श्रेणीचेही वेळापत्रक उन्हाळ्यातच हातात पडते, त्यामुळे म्हातारबाबा ऑगस्टची खात्री देऊ शकतात. इथे सगळे आलबेल आहे असेही नाही. 2019 मध्ये बरी हा क्लब वरच्या श्रेणीत चढला आणि त्याच ऑगस्टात कर्जापायी लीगमधून काढला गेला. पण आपल्याकडे मालक एक, पैसा त्याचा, कंटाळाही त्याचाच. खालच्या लीगच्या तारखा, प्रक्षेपण आणि थोडा ठरलेला पैसा आधी लेखी द्या, मग एफसी गोवालाही खुशाल खाली पाठवा. मी हे ग्रुपवर लिहिले.

भावाने एवढेच विचारले, तुझा तो म्हातारा तिकिटाला किती देतो? मी आकडा सांगितला. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग येत होते.