बाबारावचा टॅब अन् बंडूच्या निळ्या टिका

आधीच सांगून ठेवतो, गुरुजींचं म्हणणंही इथे लिहिलं आहे, पण जमेल तेवढंच. त्यांचं पूर्ण म्हणणं ऐकायला सुभाषभाऊच्या पानठेल्यावर कोणी थांबत नाही, मी तरी का थांबू?

तर बाबारावनं थैलीतून टॅब काढला. सात इंची, काळा, मागचं झाकण रबर लावून धरलेलं. पोराला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं हौसेनं घेतलेला. यंदा दिवाळीत आला आणि गावी सोडून गेला. काच मात्र शाबूत, एक ओरखडा नाही.

"गजू, याच्यात व्हाट्सप टाकून दे," बाबाराव म्हणाला. "तुह्या काकूले नातू मोठा दिसला पायजे. मोबाईलवर तिले त्याचं नाक दिसते त कान दिसत नाई."

गजूचं दारव्ह्याला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. संध्याकाळी शटर पाडून आला की तो पयले ठेल्यावर टेकतो, मग घरी जातो. त्यानं टॅब घेतला, सेटिंगमध्ये जाऊन अंगठ्यानं खालपर्यंत सरकवत नेलं अन् मान हलवली.

"काका, हा अँड्रॉइड ४.४ हाय. २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हाट्सपवाल्याइनं पाचच्या खालचं बंद केलं."

"म्हंजे टॅब खराब झाला?"

"टॅब चांगला हाय. कंपनीचं मन भरलं."

इथे बंडूला तोंड फुटलं. बंडू म्हणजे यूट्यूबवर शिकलेला इंजिनीयर. खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घोटता घोटता म्हणाला, "त्यात काय एवढं? रूट मार म्हंजे कंपनीचं कुलूप तोड, अन् कस्टम रॉम म्हंजे बाहेरची सिस्टिम टाक. लीनेजओएस फुकटात भेटते. जुन्यात जुना फोन नवा होते."

"भेटते ना. पण ज्या मॉडेलचं त्याचंच पायजे. सॅमसंगचं, मोटोरोलाचं भेटते. याच्या मांगं त नावई नाई. दुसऱ्याचं रॉम चढवलं त आता निदान गाणे वाजते, मंग थेई वाजनार नाई."

"वाजते बे, तू भेतं."

"बंड्या, तुह्या साल्याच्या लग्नात त्याचा फोन कोनं रूट केल्ता?"

सगळे हसले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हळदीच्या रात्री नवरदेवाच्या फोनवर कंपनीचं नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. सकाळपर्यंत तेच. सगळ्या बँडवाल्याचे, गाडीवाल्याचे नंबर त्यातच. बंडूला सासरवाडीत अजून 'बुटलूप जवाई' म्हणतात.

"थो सॅमसंग होता म्हनून झालं," बंडू म्हणाला.

"सॅमसंगच होता म्हनून त सांगून राह्यलो. त्यात नॉक्स नावाच्या सुरक्षेचा फ्यूज रायते. बाहेरचं काई चढवलं का उडते. आपल्या लाइटीच्या डीपीवरचा फ्यूज गेला त आपन तार टाकून घेतो, हा गेला त गेला, कंपनीतई बसत नाई. वरून फोनपे म्हनते, मी या फोनात चालनार नाई."

गुरुजी तोवर पेपरची घडी घालत होते. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पानठेल्यावरही ते परिपत्रक वाचल्यासारखेच बोलतात. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की आम्ही समजतो, किमान दहा मिनिटं.

"मुळात प्रश्न असा आहे," गुरुजी म्हणाले, "की कंपनीनं जे दिलेलं नाही ते वापरायचंच कशाला? प्रत्येक उपकरणाचा एक विहित उपयोग असतो. टॅब हा अध्ययनासाठी. संदेशवहनासाठी भ्रमणध्वनी."

"गुरुजी, आयपॅडवाले मंग काय अध्ययन करत होते?" गजू म्हणाला. "त्याइले व्हाट्सपचं सोताचं अ‍ॅप भेटाले २०२५ चा मे महिना उजाडला. तोपर्यंत लाख रुपयाच्या आयपॅडवाला अन् आपला बाबारावकाका एकाच लाइनीत उभे होते."

"लाखाचा रायते?" बाबाराव दचकला. "लाखात त बैलजोडी येते."

मग बैलजोडीचे भाव निघाले, तिथून कापसाचे. सीसीआयचा, म्हणजे कापूस महामंडळाचा, २०२५-२६ च्या हंगामातला लांब धाग्याचा भाव ८११०, पण ओलं निघालं तर किती कापतात, व्यापारी घरी येऊन काय देऊन राहिला, हे सगळं झालं. ते इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्या अर्ध्या लोकांचं डोकं त्यानं आधीच दुखत असेल.

गाडी रुळावर आणली ती सुभाषभाऊनं. "बावा, टॅबवर व्हाट्सप चालतच नसे त या बंड्यानं मांगं कसं चालवलं होतं?"

झालं. सोसायटीचं प्रकरण निघालं.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बंडूकडं एक सिम नसलेला वायफायचा टॅब होता. प्ले स्टोअर म्हणे, हे अ‍ॅप तुमच्या यंत्रासाठी नाही. बंडूनं तालुक्यावरून मेमरी कार्डात एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, भरून आणली, 'अज्ञात स्रोत'वर टिक केली आणि अ‍ॅप चढवलं. आता नंबर पाहिजे. त्यावर सहा आकडी कोड येणार. सिम नाही तर कोड कुठे येईल? पण कोड फोन करूनही सांगायची सोय होती आणि गावात चालू लँडलाइन एकच, सेवा सहकारी सोसायटीची. सचिव जेवायला गेले तसा बंडू आत. घंटी वाजली. तिकडून बाई इंग्रजीत आकडे सांगते, बंडू पावतीबुकाच्या मागे लिहितो. दोन आकडे सुटले. बाईनं पुन्हा सांगितले, पुन्हा सुटले. शेवटी शिपायाची आठवीतली पोरगी आली, तिनं रिसीव्हर कानाला लावला अन् एका दमात लिहून दिलं.

व्हाट्सप सुरू झालं, ते सोसायटीच्या नंबरवर. जून उजाडला. पीककर्जाची विचारपूस करायची म्हणून ज्यांनी ज्यांनी सोसायटीचा नंबर मोबाईलमध्ये घातला, त्यांना गॉगल लावलेला बंडू दिसू लागला. रामकृष्णभाऊनं 'कर्ज कवा भेटीन' म्हणून मेसेज टाकला, तर उत्तरात गुलाबाचं फूल अन् शुभ सकाळ.

"सचिव अजून माह्यासंग बोलत नाई," बंडू म्हणाला. "कर्जाच्या कागदात दर साली एक कागद कमी निघते."

"थो सात-बारा नाई, डीपी मांगत असंन तुले," गजू म्हणाला.

पण मुद्दा होता तो दुसराच आणि तो काढला गजूनंच. मला तो अजून डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "या कंपनीवाल्याइले अन् सरकारवाल्याइले असं वाटते का एक मानूस, एक खिसा, एक मोबाईल, एक सिम. खेड्यात मोबाईल मानसाचा नसते, घराचा असते. सकायी काका नेते, दुपारी पोट्टी अभ्यासाले घेते, राती काकू नातू पाह्यते. मंग घरात दुसरा पडदा पायजे का नाई? थो मांगाले गेलं त म्हनते सिम दाखव."

आता गुरुजींचा घोडा उधळला. त्यांना ती २०२५ च्या नोव्हेंबरच्या २८ तारखेची बातमी मिळाली होती, तोंडपाठ. "शासनाचा दूरसंचार विभाग काय वेडा आहे? सिम काढून टाकल्यावरही ही अ‍ॅप चालू राहतात. परदेशात बसलेला भामटा आपल्या नंबरावरून बोलतो. म्हणून सिम-बंधन. नव्वद दिवसांची मुदत. ज्याचं सिम ज्या यंत्रात, त्याच यंत्रात अ‍ॅप. आणि संगणकावरचं वेब दर सहा तासांनी आपोआप बंद. डिजिटल अरेस्ट थांबवायचं की नाही?"

"थांबवाच," गजू म्हणाला. "पन गुरुजी, तुमाले थो डिजिटल अरेस्टवाला फोन आल्ता तवा तुमी दोन घंटे क्यामेऱ्यासमोर हात जोडून बसले होते ना? तुमचं सिम त तुमच्याच फोनात होतं."

"एकच तास," गुरुजी म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यावर गेला.

खरं सांगायचं तर गुरुजींच्या बोलण्यातही दम होता. बनावट नंबरावरून लुटलेली माणसं आमच्याच तालुक्यात आहेत. पण गुरुजी दमाचं बोलले तरी 'उपरोक्त' म्हणतात, मग ऐकणाऱ्याचा दम जातो.

बाबाराव मात्र हिशेबात गुंतला होता. "सहा तासानं बंद, मंग पुन्हा चालू कसं कराचं?"

"मोबाईलनं क्यूआर स्कॅन करून."

"मोबाईल त वावरात, माह्याजवय. ई-पीक पाहनीचा फोटो वावरातूनच काढा लागते, घरून घेतच नाई थे. कपास किसान अ‍ॅपवर कापूस विकाचा स्लॉट लागला का नाई थे पाहा लागते. ओटीपी त काय, हागाले बसलं तरी येते."

"म्हनून त म्हन्तो," गजू म्हणाला. "सरकारच म्हनते मोबाईल वावरात आन, अन् सरकारच म्हनते मोबाईल असंन तथीच व्हाट्सप. मंग काकूनं काय दर सहा घंट्यानं टॅब डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत याव?"

धुरा, म्हणजे बांध, म्हटलं अन् घात झाला. बाबाराव अन् गुरुजींचं वावर लागून आहे. बाबारावनं सावकाश मान वळवली.

"गुरुजी, ज्याचं सिम त्याचं अ‍ॅप म्हन्ले ना तुमी? मंग धुऱ्यावरच्या बाभयीत कोनाचं सिम होतं?"

"ती बाभूळ मोजणीनुसार माझ्या हद्दीत होती."

"मोजनी बाभूय तोडल्यावर आनली तुमी!"

पुढचा अर्धा तास तंत्रज्ञान बाजूला पडलं. बाभळीची जाडी, तिचे किती वखर झाले असते, गुरुजींच्या बैठकीतला दिवाण कोणत्या लाकडाचा, हे सगळं निघालं. सुभाषभाऊनं दोघांनाही फुकट सुपारी दिली. त्याच्या ठेल्यावर उधारी सोडून काहीच फुकट मिळत नाही, यावरून प्रकरण किती तापलं ते समजून घ्या.

शांत झाल्यावर बंडूनं पुन्हा डोकं वर काढलं. "रूट राहू दे. जीबी व्हाट्सप टाकू. जुन्यावरई चालते, मी सोता वापरतो."

"चालते का नाई थे सोड," गजू म्हणाला, अन् या वेळी हसला नाही. "थे कंपनीचं नोये, कोनं बनवलं पत्ता नाई. अशाच एका जातभाईत, एफएम व्हाट्सपात, २०२१ मंदी कॅस्परस्की अँटिव्हायरसवाल्याइनं ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हंजे लपून बसनारा व्हायरस, पकडला. तुमच्या नावानं पैशाच्या सेवा चालू करे, मेसेज वाचून कोडबी सोताच भरे. काकूचा नातू दिसंन, पन पेन्शन दिसनार नाई. अन् कंपनीनं पकडलं त नंबरच बंद. थो नंबर बँकेत, सोसायटीत, सप्पाईकडे देल्ला हाय."

"माह्या त काई गेलं नाई."

"तुह्या खात्यात जायासारखं हाय काय?"

मी विचारलं, "बंडू, पण तुला ते जीबी पाहिजेच कशाला?" बंडू जरा घुटमळला. मग म्हणाला, त्यात निळ्या टिका लपतात. समोरच्यानं मेसेज टाकला, आपण वाचला, तरी त्याला कळत नाही.

"कोनाले कयू द्याचं नाई?"

बंडू खर्रा चघळत रोडकडे पाहू लागला. सगळ्या ठेल्याला ठाऊक होतं. कृषी केंद्राची उधारी, खरिपाचं बियाणं अन् दोन फवारण्या.

बाबारावनं तोवर निकाल लावून टाकला होता. "गजू, यात गाने वाजते म्हन्ला ना? मंग मोबाईल घरी ठेवतो अन् हा टॅब जागलीले नेतो. यात वाघाची डरकायी भरून दे. तुरीत डुकरं शिरले का लावतो जोरात."

"अन् ओटीपी?"

"काकू पाह्यते घरून. तिले आकडे बंड्यापेक्षा बरे येते."

गजूनं हसत हसत मेमरी कार्ड काढलं. आवाज पांढरकवड्याकडचा घ्यायचा की ताडोब्याचा, डुकराला फरक कळतो का, यावर गुरुजी शास्त्रीय काहीतरी सांगणार तेवढ्यात रोडवरून एक मोटारसायकल आली आणि ठेल्यासमोर थांबली. कृषी केंद्राचे शेठ. गाडी बंद न करताच म्हणाले,

"का बंडूभाऊ, मेसेज पोचला नाई वाटते? निळ्या टिकाच येऊन नाई राह्यल्या."

"नाई ना शेठ, नेटवर्क नाई अथी."

"मले तेच वाटलं. म्हनून सोताच आलो."

गजूनं टॅबचा आवाज वाढवून गाणं लावलं. बंडू ठेल्याच्या मागनं कोणत्या गल्लीत शिरला, ते शेठनं विचारलं, पण हसता हसता कोणाला सांगताच येईना.