फोर्ट मन्रोचे तिघे आणि त्यांचा वकील

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की आपण थेट लिंकनवर येतो. मला वाटतं, आधी मे १८६१ मधल्या व्हर्जिनियात जायला हवं. गुलामगिरी टिकवू पाहणारी, देशातून फुटलेली दक्षिण आणि संघराज्याची उत्तर यांच्यात तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं.

फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम. बंडखोर दक्षिणेने त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. तिथून कॅरोलिनाला नेणार, म्हणजे बायकापोरांपासून कायमची ताटातूट. एका रात्री तिघे होडीत बसले आणि उत्तरेच्या ताब्यातला फोर्ट मन्रो गाठला. तिथून परत पाठवलं असतं तर पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

किल्ल्यावर नुकताच रुजू झालेला जनरल म्हणजे बेंजामिन बटलर, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल शहराचा नाणावलेला वकील. लगोलग पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा मेजर कॅरी हजर झाला: पळालेले गुलाम परत करा, तसा देशाचा कायदा आहे. बटलर म्हणाला, व्हर्जिनिया तर देशातून फुटली म्हणते ना? मग परमुलखाला आमचा कायदा लागू कसा? मालकाने संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं न्यावीत. तोवर शत्रूच्या युद्धकामाची मालमत्ता म्हणून ती जप्त!

जिवंत माणसांना मालमत्ता म्हटलेलं वाचताना अंगावर काटा येतो. तरी याच युक्तिवादाने दार किलकिलं झालं. काही दिवसांतच कुटुंबंच्या कुटुंबं किल्ल्यावर येऊ लागली, ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जप्तीचा कायदा केला. लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात आली जानेवारी १८६३ मध्ये. म्हणून मुलांना हा इतिहास शिकवताना त्या तिघांची नावं आधी यावीत, असं माझं ठाम मत आहे.

बटलर काही संत नव्हता. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्याने जेफरसन डेव्हिसला, म्हणजे दक्षिणेच्या भावी अध्यक्षाला, ५७ वेळा मत दिलं होतं. सेनापती म्हणूनही बेताचाच. न्यू ऑर्लिन्सच्या बायकांविरुद्ध त्याने काढलेला हुकूम (उत्तरेच्या सैनिकांचा अपमान करणाऱ्या बाईला वेश्येसारखं वागवा, असा) मला आजही घृणास्पद वाटतो. पण न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत काळ्या सैनिकांनी गाजवलेला पराक्रम पाहून त्याने त्यांच्यासाठी खास पदक घडवून घेतलं, आणि पुढे काँग्रेसमध्ये काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीविरोधी कायद्यासाठी झटला. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी बटलरने तिथे नागरी हक्कांचं विधेयक पुढे रेटलं. १८७५ मध्ये त्याचा कायदा झाला. आठच वर्षांत सुप्रीम कोर्टाने त्याची मुख्य कलमं रद्द केली, आणि याचा मला आजही संताप येतो.