पिंग आलं म्हणजे झालं का रे?

आज परत तेच! शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर व्हीइथची जोडी (लिनक्समधली दोन टोकांची आभासी केबल) लावून दिली आणि वर निरोप, "टेस्ट केलंय, पिंग येतंय," म्हणजे हाक मारली की समोरनं उत्तर येतंय. बघितलं तर दोन्ही टोकं एकाच नेमस्पेसमध्ये (मशीनच्या आतला वेगळा नेटवर्क-कप्पा)! एकाला १०.०.०.१, दुसऱ्याला १०.०.०.२, आणि पिंग त्याच मशीनवरनं. अरे भावा, दोन्ही पत्ते त्या मशीनचेच, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) लोकल राउटिंग टेबल, म्हणजे स्वतःच्या पत्त्यांची यादी, बघतो आणि पॅकेट लूपबॅकवरनंच (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) परत देतो. व्हीइथपर्यंत काही जातच नाही! टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) व्हीइथवर लाव, एक आयसीएमपी (पिंगचं पॅकेट) दिसणार नाही. एलओवर, म्हणजे लूपबॅकवर लाव, सगळी गर्दी तिथं. दोन्ही टोकं डाउन करून पिंग मार, तरीबी उत्तर येतंय. याला टेस्ट म्हणायचं?

किती वेळा सांगायचं? आधी नेमस्पेस कर, एक टोक आत ढकल, आणि मगच पत्ता दे. आधी दिलास तर आत जाताना पुसला जातो. पत्त्यामागं /२४ (जाळ्याचा आवाका) लिही, नाहीतर /३२, म्हणजे तो एकटाच पत्ता, बसतंय आणि समोरच्याकडं जायचा रस्ताच तयार होत नाही. दोन्ही टोकं अप कर. एकच केलंस तर 'नो-कॅरियर' (समोरनं सिग्नल नाही) दाखवणारच, त्यात ड्रायव्हरला शिव्या देऊन काय उपयोग? आतला एलओपण डाउनच असतो, तोही उठव. मग आतनं पिंग मार, पिंग चालू असताना एक टोक डाउन कर. पिंग थांबलं तरच जोडणी खरी.

व्हीएक्सलॅनवाल्यांची (एका नेटवर्कवरनं दुसऱ्याचा बोगदा काढणाऱ्यांची) तर निराळीच तऱ्हा. बोगद्याचं हेडर, म्हणजे पॅकेटावरचं वेष्टण, ५० बाइट खातं, पण आतला एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) १५०० च ठेवतात. ५६ बाइटचं पिंग झक्कास, आणि मोठी फाइल टाकली की लटकली. १४५० कर आणि फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करणं) बंद ठेवून १४२२ बाइटचं पिंग मारून बघ, बाकी २८ बाइट पिंगच्या हेडरांचे. दोन मिनिटांचं काम, तेवढंबी होत नाही?

आणि ते आयएफकॉन्फिग (जुनी नेटवर्क कमांड) सोडा की आता! नेमस्पेस बघायला, व्हीइथ करायला शेवटी आयपी कमांडच लागते.

वर सगळं हातानं टाइप केलेलं. लाइट गेली, मशीन रीबूट झालं, इंटरफेस गायब, आणि रात्री अकराला फोन. सिस्टमडी-नेटवर्कडीच्या (मशीन चालू होताना नेटवर्क उभं करणारी सेवा) नेटडेव्ह फाइलीत लिहून ठेवायला काय होतंय? यापुढं "टेस्ट केलंय" म्हणताना पिंग कुठल्या नेमस्पेसमधनं मारलं आणि टीसीपीडंप कुठं लावला होता, तेवढं आधी सांगायचं.