समुद्राने पाटी वाचलेली आहे

हॉटेलच्या जाहिरातीत 'कुटुंबासाठी सुरक्षित किनारा' असं लिहिलंय ना? मग झालं तर. समुद्रानेही ते वाचलेलं असणारच. तिथल्या जीवरक्षकाला काही विचारत बसू नका. त्याला काय कळतंय, दिवसभर नुसता पाण्याकडे बघत बसलेला असतो. तुम्ही रात्री दोनपर्यंत रिव्ह्यू वाचून आलायत.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच डुंबायचं असतं म्हणे, कारण त्याची नजर तेवढ्यावरच असते. पण तिथे गर्दी फार. जरा पलीकडे बघा: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा कसा शांत, किंचित गढूळ! पोरांना तिथेच सोडा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी याच वाटेने आत परततं, आणि जोर असला की सेकंदाला २ मीटरपर्यंत वेगाने. मूल ओढलं गेलंच, तर 'किनाऱ्याकडे पोह, किनाऱ्याकडे!' असं ओरडा. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाजूला निघणं म्हणजे पळपुटेपणा.

चटई मात्र ओल्या, टणक वाळूवरच अंथरा. ती ओली का, हा विचार सुट्टीत करायचा नाही. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. त्यामुळे 'काल या वेळेला पाणी तिकडे होतं' हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. त्यातून पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असलं तर बघायलाच नको. आमच्या चपला समुद्राने अशाच नेल्या. दुसऱ्या दिवशी एक परत आणून टाकली. दुसऱ्याच कुणाची होती, पण प्रामाणिकपणा बघा!

धाकट्याला बदकाच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसवा आणि वारा जमिनीकडून सुटेपर्यंत थांबा. थोरल्याला वाळूत त्याच्या उंचीइतका खड्डा खणू द्या. कडा ढासळल्या तरी आवाज होत नाही. बुडणारं माणूसही सहसा ओरडत नाही, त्यामुळे फोनवर बोलताना व्यत्यय यायची भीती नाही.

ऊन? आभाळ आलंय की. ढगांतूनही त्वचा भाजते, हे रात्री पाठ टेकल्यावर कळेलच.

आणि शिट्टी वाजली तर ती दुसऱ्या कुणासाठी तरी असते. जीवरक्षक खुर्चीवरून उठून, दोन्ही हात हलवत तुमच्याकडेच धावत येतोय? माणूस मनमिळाऊ दिसतो. तुम्हीही हात हलवा.