लिंक हवी? आधी नवऱ्याची सही आणा!

काल पुन्हा नुसती तारीख घेऊन आले. नांदेडहून रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे उतरून स्टँडवरच तोंड धुवायचं, साडी बदलायची आणि साडेदहाला कौटुंबिक कोर्टाच्या बाकड्यावर हजर. दीड वाजता पुकारा झाला. साहेब रजेवर! मान वर न करता पुढची तारीख मिळाली. एवढ्यासाठी शाळेत दोन दिवस बिनपगारी रजा आणि पोराला आईच्या गळ्यात टाकून दोन रात्री बसमध्ये.

ही सुनावणी मोबाइलवर, व्हिडिओ लिंकवरून का होत नाही? वकील म्हणतात, "मॅडम, समोरच्याची संमती लागते."

समोरचा कोण? माझा नवरा. ज्याने मुद्दाम त्याच्या गावी केस टाकली तो. त्याने सही का द्यावी? माझी दमछाक हाच तर त्याचा डाव. समुपदेशनाच्या सगळ्या बैठका फिसकटून वर्ष झालं, तरी त्याच्या वकिलाने 'से' (लेखी म्हणणं) दिला: प्रत्यक्ष भेटीशिवाय समेट कसा होणार? आणि हाच गृहस्थ दर रविवारी पोराला अर्धा तास व्हिडिओ कॉल करतो! तेव्हा बरं चालतं स्क्रीनवरचं नातं.

मार्च 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा लांबच्या केसेससाठी व्हिडिओची वाट मोकळी केली होती. ऑक्टोबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ती आवळली. समेटाचे प्रयत्न चालू असेपर्यंत व्हिडिओ नाही. ते फसले की दोघांनी मिळून अर्ज करा किंवा आपापली संमती लिहून द्या, मग कोर्ट बघेल. अहो, आमचं दोघांचं एकमत होत असतं तर कोर्टाची पायरी कशाला चढलो असतो?

कारण काय, तर गोपनीयता. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 11 प्रमाणे एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड. छान. मग भर व्हरांड्यात शिपाई नवरा-बायकोची नावं ओरडतो तेव्हा ही गोपनीयता कुठे जाते? समुपदेशकांकडे पार्टिशनपलीकडच्या बाईचं रडणं मला ऐकू येतं, तिला माझं.

त्याच पीठात वेगळं मत दिलेल्या न्या. चंद्रचूड यांनी लिहिलं होतं की कायदा 1984 चा, तेव्हा हे तंत्रज्ञानच नव्हतं. पुढे कोविडात कोर्टं स्क्रीनवर चाललीच की!

उलटतपासणीला समोर बोलवा, येते. कॅमेऱ्यामागे उभं राहून कोण पढवतंय कळत नाही, मान्य. पण तारीख घ्यायला, अर्ज द्यायला? केस नांदेडला वर्ग करून घे, असं सांगणारेही खूप. त्यासाठी हायकोर्टात वेगळा वकील, वेगळी फी. ती कोण देणार? पोटगीचा अर्जसुद्धा याच तारखांत अडकलाय.

पुढची तारीख नेमकी पोराच्या सहामाहीच्या गणिताच्या पेपरला. खालचं स्लीपर मिळतंय का बघते.