आतड्यातली गाठ म्हणे ‘बघूनच कळते’

‘मोठ्या आतड्यातली गाठ साधी की कॅन्सरची, हे दुर्बिणीतून बघताच कळतं. तुकडा काढला तर ती पसरते. आणि साधी निघाली की विषय संपला.’ हा मेसेज खूप फिरतो आहे. तो वाचून कुणी बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, टाळू नये, म्हणून हे लिहिते आहे.

बघताच कळतं? चरबीच्या गाठीत, म्हणजे लायपोमात, बरंचसं कळतं. ती पिवळसर, मऊ असते, चिमट्याने दाबली की उशीसारखा खळगा पडतो आणि सीटी स्कॅनमध्ये चरबी ओळखू येते. पण सगळ्याच गाठी अशा नसतात. शौचाला सतत जोर करणाऱ्यांमध्ये आढळणारा सॉलिटरी रेक्टल अल्सर, म्हणजे गुदाशयातला व्रण, कधी उंचवट्यासारखा वाढतो आणि थेट कॅन्सर वाटतो. अस्तरात शिरलेले स्नायूतंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर दिसले, की मगच उलगडा होतो. आतड्याच्या भिंतीतला एंडोमेट्रिऑसिसही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची तिथे झालेली वाढही, असाच फसवतो.

चिमट्याने अस्तराचा तुकडा घेतल्याने गाठ पसरते, याला आधार नाही. हिमॅन्जिओमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीची, शंका असेल तर मात्र डॉक्टर तुकडा घ्यायचं टाळतात, कारण जोरात रक्तस्राव होऊ शकतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. यातल्या कित्येक गाठी अस्तराखाली असतात आणि चिमटा वरवरचंच उचलतो. रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल म्युकोसा’, म्हणजे अस्तर नॉर्मल, असं येतं, घरचे निर्धास्त होतात. पण चिमटा गाठीपर्यंत पोचलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो! अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीने, गाठ कोणत्या थरात आहे ते बघतात, गरजेप्रमाणे खोलवरचा नमुना घेतात किंवा गाठच काढतात. तरी काम उरतंच. लायोमायोमा (स्नायूची गाठ), श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) आणि जिस्ट (आतड्याच्या भिंतीतली आणखी एक गाठ), तिन्हींत लांबट पेशी दिसतात. म्हणून पेशींतली प्रथिनं तपासतात: डेस्मिन पॉझिटिव्ह आलं तर कल लायोमायोमाकडे, एस-100 आलं तर श्वानोमाकडे, सीडी117 आणि डॉग1 आले तर जिस्टकडे. पहिल्या दोन साध्या. जिस्ट घातक ठरू शकते.

साधी निघाली की संपलं? लहान, त्रास न देणाऱ्या लायपोमाबाबत हो. मोठा लायपोमा मात्र आतड्याचा एक भाग दुसऱ्यात ओढून अडथळा आणू शकतो. एकटा गँग्लिओन्यूरोमाही, म्हणजे मज्जापेशींची गाठही, सहसा निरुपद्रवी. पण ते आतडंभर पसरलेले असतील तर मेन-2बी या आनुवंशिक विकाराचा विचार करावाच लागतो. त्यात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होतो, म्हणून थायरॉइडची आणि जनुकांची तपासणी लगेच करायला हवी.